ग्रिप घेतली, आता तिच्यात काय घालायचं?

ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला जोडायचा, जादा बॅटऱ्या आणि उभं शटर बटण असलेला भाग. दुरुस्तीच्या टेबलावर ती येते तेव्हा बहुतेक वेळा ठणठणीत असते. बिघाड असतो तिच्या पोटातल्या बॅटरीत, नाहीतर तिच्याबद्दल कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीत. डीएसएलआरच्या ग्रिपविषयी तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून या वेळी काही एकत्रच घेतो.

ग्रिप लावल्याने फोटोचा दर्जा सुधारतो का?

नाही.

कॅमेरा उभा धरला की ग्रिपवरचं शटर बटण चालतच नाही. विक्रेता म्हणतो, ही ग्रिप गेली, वरच्या किमतीची घ्या.

त्या बटणाजवळ एक छोटा खटका आहे. तो चालू करा.

दोन बॅटऱ्यांच्या ग्रिपमध्ये एकच घातली तर?

चालते. दुसरा कप्पा रिकामा राहिला म्हणून काही बिघडत नाही.

मित्र म्हणतो, ग्रिप लावली की सेकंदाला जास्त फ्रेम, म्हणजे फोटो, मिळतात. खरं आहे का?

तुमच्या मित्राने अर्धीच गोष्ट ऐकली आहे. निकॉन डी७०० सेकंदाला ५ फ्रेम घेतो. एमबी-डी१० ग्रिप लावून तिच्यात ईएन-ईएल४ए बॅटरी किंवा ८ एए सेल घातले, तर ८ घेतो. डी८५० चंही तसंच आहे. एमबी-डी१८ आणि तिच्यात ईएन-ईएल१८ जातीची बॅटरी असेल तर ७ च्या ९ होतात. कारण सरळ आहे. ईएन-ईएल१८ ही १०.८ व्होल्टची बॅटरी आहे आणि नेहमीची ईएन-ईएल१५ ७ व्होल्टची. आरसा आणि शटर हलवणाऱ्या यंत्रणेला तो वाढीव विद्युतदाब लागतो. त्याच ग्रिपमध्ये नेहमीची बॅटरी घातली की वेग आहे तिथेच राहतो. डी५०० मुळातच १० फ्रेम घेतो, त्याचा वेग ग्रिपने वाढत नाही. तुम्ही तुमचं मॉडेल कळवलेलं नाही, त्यामुळे पैसे मोजण्याआधी माहितीपुस्तिकेतलं वेगाचं कोष्टक बघा किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. मित्राला नको.

दुसऱ्या कंपनीची ग्रिप आणि तिच्याबरोबर '२८०० एमएएच' क्षमतेच्या दोन बॅटऱ्या स्वस्तात मिळाल्या. वर्षभरात त्यातली एक ग्रिपच्या बॅटरी-ट्रेमध्ये घट्ट बसू लागली आहे, ओढून काढावी लागते. 'या बॅटरीशी संपर्क होऊ शकत नाही' असंही कॅमेरा कधीकधी सांगतो. मी ओके दाबून पुढे जातो. काही काळजीचं आहे का?

आहे. ती बॅटरी आज, आत्ता वापरातून काढा. बाकीचं नंतर वाचा.

घट्ट होणारी बॅटरी म्हणजे फुगलेली बॅटरी. आत वायू साठला की सेल फुगतो आणि कवच ताणलं जातं. ती टेबलावर ठेवून बघा, सपाट बसण्याऐवजी डुगडुगेल. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही आणि घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही. जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. उद्या ती ट्रेमध्ये अडकून बसली, तर ट्रेसकट सर्व्हिस सेंटरला न्या. एका गृहस्थांनी अशी अडकलेली बॅटरी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढली आणि मग ग्रिप माझ्याकडे आणली. ट्रेच्या पट्ट्या वाकल्या होत्या, बॅटरीच्या कवचाला भोक पडायचं थोडक्यात राहिलं होतं. ते हसत होते. मला हसू आलं नाही.

आता तो २८०० चा आकडा. कॅननची एलपी-ई६ बॅटरी २००८ मध्ये आली, १८०० एमएएचची. २०१४ ची एलपी-ई६एन १८६५ ची झाली, आणि २०२० ची एलपी-ई६एनएच २१३० ची. म्हणजे त्याच आकाराच्या कवचात ३३० एमएएच वाढवायला मूळ कंपनीला १२ वर्षं लागली. आणि कुणी एक अनामिक कारखाना तेवढ्याच कवचात २८०० भरून पाव किमतीत विकतो? हा आकडा बॅटरीत नसतो, स्टिकरवर असतो. मूळ बॅटरीशेजारी ठेवून वजन करून बघा, पुष्कळदा तिथेच उलगडा होतो.

संपर्काचा संदेशही 'ओके'ने मिटवायची गोष्ट नाही. मूळ बॅटरीतली चिप कॅमेऱ्याशी बोलते, किती चार्ज उरलाय आणि बॅटरी कितपत थकलीय ते सांगते. तो संवाद तुटला की कॅमेरा चालतो, पण आंधळेपणाने. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरीच्या माहितीचा पडदा असतो. ग्रिपमधल्या दोन्ही बॅटऱ्या तिथे वेगवेगळ्या दिसतात आणि चार्ज धरण्याची ताकद तीन पट्ट्यांत दाखवलेली असते. तीन हिरव्या म्हणजे उत्तम, लाल दिसली की नवी घ्या. निकॉन हेच ० ते ४ अशा आकड्यांत सांगतो, त्यात ४ म्हणजे निवृत्ती. हा पडदा महिन्यातून एकदा उघडणारे फार थोडे आहेत. इतर कंपन्यांच्या सगळ्याच बॅटऱ्या टाकाऊ असतात असं मी म्हणत नाही, काही वर्षानुवर्षं नीट चाललेल्या पाहिल्या आहेत. पण नवी-जुनी, खरी-नकली अशी जोडी एका ग्रिपमध्ये लावू नका. एकत्र घेतलेल्या दोन बॅटऱ्यांवर खूण करा आणि त्या जोडीनेच वापरा. म्हणजे त्यातली एक लवकर संपू लागली की लगेच लक्षात येईल.

तुमची उरलेली बॅटरीही वापरण्याआधी कुणा जाणकाराला दाखवा. फोटो पाठवून मला विचारू नका. फुगवटा फोटोत कळत नाही.

कॅमेरा बंद असूनही ग्रिप लावून ठेवली की दोन दिवसांत बॅटरी उतरते.

मूळ कंपनीची ग्रिप नसेल तर हे पुष्कळदा दिसतं. तिचं सर्किट थोडाथोडा करंट खात राहतं. एकदा पूर्ण चार्ज करा, ग्रिप काढून बॅटरी थेट कॅमेऱ्यात घाला आणि दोन दिवस ठेवा. उतरली नाही तर दोष ग्रिपचा, उतरली तर बॅटरीचा किंवा बॉडीचा, म्हणजे खुद्द कॅमेऱ्याचा. बॉडीचा निघाला तर घरी उघडू नका. ग्रिपचा असेल तर काम संपलं की ती काढून ठेवायची सवय लावा.

चालू कामात कॅमेरा मधेच बंद पडतो. एकाने कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणाऱ्या धातूच्या टिकल्या, पॉलिश पेपरने घासायला सांगितल्या.

त्या 'एका'चं यापुढे काहीही ऐकू नका. कॉन्टॅक्टवर पातळ मुलामा असतो, घासलात की तो कायमचा गेला. आधी ग्रिप कॅमेऱ्याला आवळून धरणारी चकती तपासा. कॅमेरा उचलता-ठेवता ती सैल होते आणि जोड क्षणभर सुटतो. हाताने नीट आवळा, पकड लावून नाही. मग तंतू न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने कॉन्टॅक्ट पुसा. तरीही बंद पडत असेल तर ग्रिप आणि बॉडी दोन्ही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. नुसती ग्रिप नेऊन निदान होत नाही.

एए सेल कायम वापरले तर?

अडीनडीला ठीक. कॅननच्या ट्रेमध्ये बहुधा ६ सेल बसतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड घ्या, अल्कलाइन लवकर दम टाकतात. निकॉनमध्ये सेलचा प्रकार मेनूत निवडावा लागतो, नाहीतर चार्ज चुकीचा दिसतो. काम झालं की सेल बाहेर काढा. पाझरलेल्या अल्कलाइन सेलने संपलेल्या ग्रिप मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत.

माझ्या छोट्या बॉडीच्या ग्रिपबरोबर एक वायर आली आहे. ती कशाला?

तुमच्या बॉडीच्या तळाला ग्रिपच्या बटणासाठी कॉन्टॅक्टच नाहीत. वायर रिमोटच्या भोकात लावा, म्हणजे उभं शटर बटण चालेल. बॅटरीचं काम तिच्याविनाही होतं.

विमानप्रवासात जादा बॅटऱ्या सामानात टाकू का?

चेक-इन सामानात नाही. हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. १०० वॉट-तासांपर्यंत (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं हे माप) सहसा वेगळी परवानगी लागत नाही आणि एलपी-ई६एन १४ चीच आहे. तरी विमान कंपनीला आधी विचारा. वॉट-तासच न छापलेल्या बॅटऱ्या घेऊन निघाला असाल, तर तपासणीत काय उत्तर द्यायचं ते मात्र तुम्हीच ठरवा.