आजीची तीन धुराडी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. लहानपणी धक्क्यावर पाहिलेल्या आगबोटीला तीन धुराडी होती असं आजी सांगते, तुला सापडलेल्या फोटोत दोनच दिसतात, मग वहीत काय लिहू, असं विचारतोस. तीन लिही. आजीला दुरुस्त करू नकोस.

'क्वीन मेरी'ला तीन धुराडी होती, 'क्वीन एलिझाबेथ'ला दोन. कंपनी एक, रंग तेच लाल-काळे; पोरांच्या डोक्यात सरमिसळ होणारच. आणि 'नॉर्मंडी'चं तिसरं धुराडं तर धुरासाठी नव्हतंच, डौलापुरतं बसवलेलं. बांधणारेच थापा मारत होते, आजीला कसलं धरतोस?

हा शहाणपणा मी करून बसलोय. त्या काळी सोडायला आलेल्यांनाही बोट सुटेपर्यंत वर जाऊ देत. मी आणि दादा असेच चढलो होतो. त्याला सगळं आठवायचं: ताज्या रंगाचा वास, उंदीर चढू नयेत म्हणून दोरखंडांना अडकवलेल्या पत्र्याच्या तबकड्या, पाहुण्यांनी उतरावं म्हणून तास बडवत फिरणारा माणूस, आणि आपण वरच राहिलो तर, या धास्तीने त्याने घट्ट धरलेलं माझं मनगट. धुराडी मात्र तीन म्हणायचा. एकदा चारचौघांत मी त्या बोटीचा छापील आराखडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने पाहिला, घडी घातली, परत दिला. पुन्हा बोटीचं नाव काढलं नाही. आता तो नाही. मला बोटीची लांबी फुटांत पाठ आहे. मनगटाचं मात्र त्याने सांगितलं तेवढंच ठाऊक.

'नॉर्मंडी' १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पेटली. आग विझवायला इतकं पाणी ओतलं की त्या पाण्याच्याच भाराने ती कलंडली. म्हणून पुन्हा सांगतो, दुरुस्त करू नकोस! फोटो कुठे पळत नाहीत. १९५८ पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली, बोटी एकेक करून भंगारात गेल्या, तरी त्यांचे आराखडे अजून मिळतात.

तू उद्याच आजीजवळ बस. तास वाजला तेव्हा ती कुठे उभी होती, हात कुणाचा धरला होता, विचार. धुराड्यांचा विषय तिने काढला तर मान डोलाव.

मी दादाला खोटं काही सांगितलं नव्हतं, एवढं लक्षात ठेव. दोनच होती. मी पुन्हा तपासलंय.

तुझा,
काका