आभा कार्ड काढलं, मग रिपोर्ट कुठं गेले?

प्रश्न: आईची शुगर तपासायला गेलो तर काउंटरवर आधार मागून आभा कार्ड काढून दिलं, आता तिचे सगळे रिपोर्ट सरकारच्या क्लाउडवर जाऊन कुणीही बघणार का?

उत्तर: नाही हो. आभा म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा नुसता १४ आकडी नंबर, रिपोर्ट ज्या लॅबने केला त्यांच्याच सर्व्हरवर नाहीतर त्यांनी भाड्याने घेतलेल्या क्लाउडवर राहतो. दुसऱ्या डॉक्टरांना बघायचा असेल तर आईच्या आभा ॲपवर परवानगीची विनंती येते, कुठले कागद नि कधीपर्यंत हे त्यात दिसतं, आणि दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. फक्त मोबाईल नंबर आईचाच दिलाय ना ते बघा, आमच्याकडे भाच्याचा दिलेला, ओटीपी जायचा पुण्याला! आणि जुनी फाईल फेकून देऊ नका, लॅब आभाशी जोडलेलीच नसेल तर ॲपमध्ये आपोआप काही येत नाही.