काचबिंदूने गेलेली नजर स्टेम सेल उपचाराने परत येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६७ वर्षांचे, काचबिंदूने डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात अजून बऱ्यापैकी दिसतं. एका क्लिनिकने सांगितलंय की पोटाच्या चरबीतून स्टेम सेल (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) काढून डोळ्यात इंजेक्शन देऊ, सुकलेली नस जिवंत होईल, खर्च साडेतीन लाख. घरात दोन मतं पडली आहेत. करावं का?

नका करू. काचबिंदूने मेलेली नस स्टेम सेलने पुन्हा कामाला लावणारा मान्यताप्राप्त उपचार आज भारतात नाही, अमेरिकेत नाही, जपानमध्येही नाही. संशोधन जोरात चालू आहे आणि ते खरं आहे. पण संशोधन वेगळं आणि पॅकेज वेगळं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांच्या तपासण्या करणारा माणूस आहे. काचबिंदू विभागात डोळ्यातलं प्रेशर मोजणं, फील्ड काढणं (समोर बघताना आजूबाजूचं कुठवर दिसतं ते तपासणं), ओसीटी (पडद्याचं आणि नसेचं स्कॅन) करणं हे माझं रोजचं काम. डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांचं औषध मी ठरवणार नाही. पण हा प्रश्न पेशंटपेक्षा त्यांच्या मुलामुलींकडून सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नेमकं काय मेलंय ते बघू. डोळ्याच्या पडद्यावर गँग्लियन नावाच्या पेशी असतात. प्रत्येक पेशीचा एक लांब धागा निघतो. असे दहा-बारा लाख धागे एकत्र येऊन जी जुडी होते तीच डोळ्याची नस. ती डोळ्याच्या मागून निघते, अर्धे धागे वाटेत दुसऱ्या बाजूला ओलांडतात आणि सगळे मेंदूच्या आत खोलवर ठरलेल्या जागी जाऊन जोडले जातात. काचबिंदूत डोळ्यातलं प्रेशर (काही जणांत तर नॉर्मल प्रेशरसुद्धा) या धाग्यांना नसेच्या तोंडाशी चिरडतं. धागा मेला की मागची पेशीही मरते. माणसाच्या डोळ्यात ती पुन्हा उगवत नाही.

फील्ड काढताना हे अगदी जवळून दिसतं. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, हातात बटण. 'काका, समोरच्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं, बाजूला कुठेही ठिपका चमकला की दाबायचं.' टक्‌ टक्‌ सुरू होतं, मग मध्येच मोठा खंड पडतो. काका विचारतात, 'मशीन बंद पडलं का?' मशीन चालूच असतं. त्या वेळी ठिपके नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यात चमकत असतात, आणि तिथलं पाहणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. काकांना काळं काही दिसत नाही, म्हणून त्यांना कधी कळलेलंच नसतं. भारतातल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू असलेल्या दहापैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं, त्यामागचं कारण हेच.

आता स्टेम सेलकडे. प्रयोगशाळेत माणसाच्या स्टेम सेलपासून गँग्लियन पेशी तयार करता येतात. ही थाप नाही. अडचण त्यानंतरची आहे. उंदराच्या डोळ्यात त्या सोडल्या की बहुतेक मरतात आणि ज्या जगतात त्यातल्या बऱ्याचशा पडद्यावरच्या एका पातळ पापुद्र्यावर अडकून बसतात, आत शिरत नाहीत. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०२१ मध्ये एन्झाइम वापरून तो पापुद्रा सैल केला, तेव्हा पेशी आत रुजण्याचं प्रमाण वाढलं. पण समजा रुजल्या. पुढे त्यांनी पडद्यातल्या शेजारच्या पेशींशी जोडणी करायची, मग धागा काढायचा, तो नसेच्या तोंडातून बरोबर बाहेर न्यायचा, ओलांडायच्या जागी योग्य बाजू निवडायची आणि मेंदूत आपल्या नेमक्या जागी पोहोचायचं. आणि हे सगळं त्याच डोळ्यात, जिथल्या प्रेशरने आधीच्या पेशी मारल्या. खांबापासून घरापर्यंतची तारच जळालेली असताना नवा बल्ब लावण्यासारखं आहे हे.

मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात जगातलं पहिलं संपूर्ण डोळ्याचं प्रत्यारोपण झालं. विजेच्या अपघातात चेहरा आणि डावा डोळा गमावलेल्या माणसाला दात्याचा अख्खा डोळा बसवला. दात्याच्या अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलसुद्धा नसेच्या जोडाजवळ सोडल्या होत्या. डोळा टिकला, त्यात रक्तप्रवाह सुरू राहिला, पडद्याने उजेडाला विद्युत प्रतिसादही दिला. नजर मात्र आली नाही. जगातली उत्तम टीम, ताजा निरोगी डोळा, वर स्टेम सेल, आणि तरी नसेचं कोडं सुटलं नाही. तुमच्या क्लिनिकने ते एका इंजेक्शनात सोडवलं असेल तर त्यांना नोबेल द्यायला हवं, साडेतीन लाख नव्हे.

मग पेपरात 'स्टेम सेलने दृष्टी परत मिळाली' अशा बातम्या येतात त्या खोट्या का? नाहीत. त्या बहुतेक वेळा डोळ्याच्या पुढच्या काचेच्या, म्हणजे कॉर्नियाच्या असतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या हातात फुटून चुना डोळ्यात उडतो, कारखान्यात अॅसिड उडतं. त्यात बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळ पेशी जळतात आणि कॉर्निया पांढरा पडतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने यावर मोठं काम केलंय. तिथल्या डॉ. वीरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक सोपी पद्धत मांडली: चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळालेल्या डोळ्यावर पसरून लावायचे. प्रयोगशाळाही लागत नाही. हे खरंच काम करतं. पण तिथे काम आहे पृष्ठभागावर कातडीसारखा थर पुन्हा वाढवण्याचं. मेंदूपर्यंत काही जोडायचं नसतं. क्लिनिकवाले भिंतीवर कात्रण लावतात कॉर्नियाचं आणि पैसे घेतात नसेचे. तुम्हाला असं कात्रण दाखवलं असेल तर आजाराचं नाव नीट वाचा.

पडद्याच्या बाबतीतही काम पुढे गेलंय. जपानमध्ये कोबे इथे २०१४ मध्ये एका वयस्कर बाईंच्याच पेशींपासून पडद्यामागचा थर बनवून बसवला. तो आजार वयोमानाने होणाऱ्या पडद्याच्या झिजेचा, काचबिंदूचा नाही.

काचबिंदूत थेट स्टेम सेलचं इंजेक्शन दिल्याचा एक नोंदलेला प्रयत्न ब्राझीलचा आहे, २०२१ मध्ये छापून आला. पुढच्या टप्प्याचा काचबिंदू असलेल्या दोन पेशंटना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी डोळ्यात दिल्या. नजरेत सुधारणा दोघांतही नाही, आणि एकाचा पडदा सुटला. त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पेशी डोळ्यातल्या जेलीत सोडल्या की त्या नेहमी आपण सांगू तशा वागत नाहीत. काही पेशी पडद्यावर जाळं धरतात, ते आकसतं आणि पडदा ओढून काढतं.

तुम्हाला सांगितलेल्या उपचाराशी तंतोतंत जुळणारी घटना फ्लोरिडाची. २०१५ मध्ये पडद्याची झीज झालेल्या तीन स्त्रिया, वय ७२ ते ८८, एका क्लिनिकमध्ये गेल्या. प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले. पोटाची चरबी काढली, त्यातून 'स्टेम सेल' वेगळ्या केल्या आणि एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. तिघींचे पडदे सुटले, रक्तस्राव झाला, नजर जवळजवळ गेली. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे प्रसिद्ध झालं. यातली वाईट गोष्ट म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या तिथल्या सरकारी यादीत त्या क्लिनिकचं नाव होतं, त्यावर काहींनी विश्वास ठेवला. एकाच दिवशी दोन्ही डोळे हे ऐकूनच आमच्या क्षेत्रातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. तुम्हाला दिलेल्या कोटेशनमध्ये उजवा डोळासुद्धा धरलाय का, ते बघा. धरला असेल तर विषय तिथेच संपवा.

आपल्याकडचा नियम स्पष्ट आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची स्टेम सेलविषयक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल माणसाला देणं हे मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवं. ट्रायल म्हणजे प्रयोग, आणि त्या प्रयोगासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून क्लिनिकला दोनच प्रश्न विचारा: 'सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीची मंजुरी दाखवता का?' आणि 'ट्रायल असेल तर पैसे कसले?' (सीटीआरआय म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदयादी.) फ्लोरिडाच्या अनुभवावरून हेही सांगतो की यादीत नुसता क्रमांक असणं पुरेसं नाही. पण दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर क्वचितच मिळतं.

'पण अमक्यांना फरक पडला' असं तुमच्या मामांनी सांगितलंय, असं लिहिलंय तुम्ही. पडला असेल, म्हणजे वाटला असेल. फील्ड टेस्ट दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जरा चांगली येते, कारण बटण कधी दाबायचं ते माणूस शिकतो. तक्त्यावरची ओळ उजेडावर, मूडवर, चष्मा पुसलाय की नाही यावर एखाद्याने वरखाली होते. कधी सोबत मोतीबिंदूही काढलेला असतो, मग उजळ दिसणारच! नसेचा ओसीटी आधी-नंतर, वर्षभराच्या अंतराने, एकाच मशीनवर काढलेला कुणी दाखवला तर मीही बघायला उत्सुक आहे.

भविष्यात काही येईल का? मला वाटतं आधी येईल ते उरलेल्या पेशी जगवणारं काहीतरी. नव्या पेशी बसवणं त्यानंतर. त्या दिशेची एक गोष्ट म्हणजे पोषक प्रथिन सोडणाऱ्या पेशी भरलेली इवलीशी कुपी. पडद्याच्या एका दुर्मिळ आजारासाठी अमेरिकेत तिला मार्च २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि काचबिंदूतही तिच्या चाचण्या झाल्या आहेत. (त्या पेशी स्टेम सेल नाहीत, बरं का.) दुसरीकडे काही गट डोळ्यातलं पाणी निचरा होण्याची जाळी स्टेम सेलने दुरुस्त करायचा प्रयत्न उंदरांवर करताहेत. ते जमलं तर प्रेशर उतरेल, गेलेली नजर येणार नाही. साल कुठलं, ते मी सांगणार नाही. 'पाच वर्षांत' हे उत्तर या क्षेत्रात फार वर्षं ऐकतोय.

आता उजव्या डोळ्याबद्दल, कारण खरा सौदा तिथे आहे. एका मोठ्या स्वीडिश अभ्यासात प्रेशर (ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) एक मिलिमीटरने उतरलं की आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी झालेला दिसला. एकेक मिलिमीटर मोलाचा आहे. डॉक्टरांना विचारा, 'बाबांचं टार्गेट प्रेशर किती?' '१८ आहे, नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. नस जास्त खराब असेल तर १८ सुद्धा जास्त ठरू शकतं.

बाबा थेंब कसे घालतात ते एकदा समोर बसून बघा. मी पेशंटना माझ्यासमोर घालायला लावतो तेव्हा निम्मे थेंब गालावर नाहीतर पापणीवर जातात. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करायचा, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरायचं. त्याने औषध डोळ्यात राहतं, नाकातून घशात जात नाही. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. बाबांना दमा असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, टिमोलॉलचे थेंब दम्यात चालत नाहीत. आणि डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणायचे नाहीत, त्यांनी प्रेशर वाढतं.

थेंब झेपत नसतील, महाग पडत असतील किंवा विसरले जात असतील तर लेझरबद्दल विचारा. ब्रिटनमधल्या २०१९ च्या लाइट ट्रायलमध्ये नव्याने निदान झालेल्यांना आधी एसएलटी लेझर (डोळ्यातल्या पाण्याचा निचरा वाढवणारं) दिलं, तर चारपैकी तिघांजणांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय प्रेशर राखता आलं. बाबांचा आजार पुढच्या टप्प्याचा आहे, कोन (डोळ्यातलं पाणी निचरा होण्याची जागा) उघडा आहे की बंद यावरही अवलंबून आहे, त्यामुळे ते त्यांना लागू पडेलच असं नाही. त्यानेही भागलं नाही तर ट्रॅबची (डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट करून देणारी) शस्त्रक्रिया आहे, मदुराईच्या ऑरोलॅबची स्वस्त ड्रेनेज नळी आहे. यातल्या कशानेही डावा डोळा परत येणार नाही, हे बाबांना डॉक्टरांसमोरच स्पष्ट सांगितलेलं बरं. नाहीतर 'ऑपरेशन करूनही दिसलं नाही' म्हणून ते थेंब सोडून देतात, आणि मग उजवाही जातो. असे पेशंट येतात आमच्याकडे.

ते अजून स्कूटर चालवतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चालवत असतील तर दोन्ही डोळ्यांचं फील्ड दाखवून डॉक्टरांना विचारा, निदान रात्रीची तरी बंद करा.

आणि तुम्ही स्वतः चाळिशीच्या आसपास असाल तर पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर स्वतःचाही डोळा दाखवा. नुसता नंबर नको. प्रेशर, कोन आणि नस तिन्ही तपासून घ्या. हा आजार रक्ताच्या नात्यात बऱ्याच पटींनी जास्त आढळतो. काका आणि आत्या यांनाही पाठवा, भावंडांना धोका सगळ्यात जास्त.