महिन्याभरात काय पाहिलंस ते लिहिताना

पाहिलेल्या सगळ्या सिनेमा-मालिकांवर लिहायचा हट्ट धरू नकोस. दोन-तीन गोष्टींवर ऐसपैस लिही, बाकीच्यांना एकेक ओळ पुरे. कथा तर सांगूच नकोस.

एक प्रसंग धर. समज, चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) पाहिलास. ‘व्यवस्थेवर जळजळीत भाष्य’ असं लिहिलंस की वाचणारा पुढे सरकलाच. त्यापेक्षा गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील बघ. कोर्टात ती लांबलचक कलमं एका सुरात वाचते, मग लोकलमध्ये घरसंसाराच्या गप्पा मारते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. कॅमेरा जागचा हलत नाही. तुला तिचा राग आला की ती आपल्याच इमारतीतली वाटली? ते लिही.

पारितोषिकांनी दबू नकोस. ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ या सिनेमाला २०२४मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पारितोषिक मिळालं, ठीक. पण कागदपत्रं नाहीत म्हणून छाया कदमच्या पार्वतीचं घर जातं आणि ती रत्नागिरीकडच्या गावी परतते, हे तुला पटलं नसेल तर तसं बिनधास्त म्हण. फक्त का, ते सांग.

मालिका अर्धवट सोडलीस तर कितव्या भागावर, तेही लिही. आईबरोबर जेवताना रोज दिसणारी मालिकासुद्धा धर, नाक मुरडू नकोस. प्लाझा थिएटरात पाहिलंस की विरार लोकलमध्ये मोबाईलवर, याचाही उल्लेख हवा. विनोदी सिनेमाचं मत त्यानं हमखास बदलतं.

तारे देऊ नकोस. साडेतीन तारे म्हणजे नक्की काय, देव जाणे! आणि टिपण त्याच रात्री कर, महिनाअखेरीस नावंसुद्धा आठवत नाहीत.