कथाच नसलेल्या सिनेमात सौंदर्य कसं शोधायचं? नाशिकमध्ये घरच्या घरी सुरुवात कशी करू?

वाटाण्यापासून करा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 च्या सुमारास वाटाण्याचं रोप वाढताना टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा, कथा नसलेला सिनेमा केला होता.

रात्रभर भिजवलेला वाटाणा काचेच्या ग्लासात माती भरून कडेला पेरा, म्हणजे मुळंही दिसतील. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, चार्जर लावून ठेवा, दर 10 मिनिटांनी एक फोटो. 7 दिवसांचे 1,008 फोटो. सेकंदाला 24 धरले तर 42 सेकंदांचा सिनेमा. खिडकी झाकून एकच बल्ब चालू ठेवा, मोबाइलच्या कॅमेऱ्यात फोकस आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) लॉक करा, नाहीतर ऊन-सावलीने चित्र लुकलुकतं. पाणी ड्रॉपरनेच, ग्लास हलता कामा नये. नाशिकच्या थंडीत मूग रेंगाळतो, वाटाणा छान उगवतो. कोंब मान खाली घालूनच मातीबाहेर येतो आणि मग सावकाश ताठ होतो. तेवढा भाग पुन्हा पुन्हा बघा.