पाळकांचा मुलगा चर्चला यायला नको म्हणतो तेव्हा

"मुलगा सोळा वर्षांचा झाला आणि त्याने उपासनेला येणे बंद केले. आम्ही प्रार्थना करतो, समजावतो, कधी रागावतो. तो गप्प बसतो. आमचे काय चुकले?" समुपदेशक म्हणून माझ्याकडे ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न वारंवार येतो आणि तो विचारणाऱ्यांमध्ये पाळक (मंडळीचे, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाचे धर्मगुरू), सुवार्तिक आणि त्यांच्या पत्नी यांची संख्या लक्षात येण्याइतकी असते. इतर घरांत ही चिंता घरापुरती राहते. पाळकांच्या घरात ती उपजीविकेला, मंडळीतल्या मानाला आणि स्वतःच्या पाचारणाला जाऊन भिडते, त्यामुळे ती बोलून दाखवायलाही फार उशीर होतो. अशाच एका कुटुंबाचा अनुभव तिघांच्याही संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून येथे लिहीत आहे.

हे पाळकसाहेब अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सेवा करतात. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एकत्रित प्रोटेस्टंट चर्चमध्ये सामील झाल्या; म्हणजे इथल्या कित्येक घरांत ख्रिस्ती विश्वास चार-पाच पिढ्यांचा आहे. मंडळी जुनी असली की पाळकांकडून आणि त्यांच्या घराकडून असलेल्या अपेक्षाही जुन्या आणि घट्ट असतात. शिक्षक, परिचारिका, साखर कारखान्यातले कामगार आणि शेतमजूर अशी ही मंडळी आहे. रविवारी सकाळी गावातली उपासना, दुपारी वाडीवरची, आठवडाभर घरोघरच्या प्रार्थनासभा, वाढदिवसाच्या आणि नव्या घराच्या उपकारस्तुती, सरकारी दवाखान्यातल्या आजाऱ्यांच्या भेटी, आणि मध्येच कोणाचे निधन झाले तर सगळे बाजूला ठेवून दफनविधी व त्यानंतरच्या सांत्वनाच्या भेटी, असा त्यांचा दिवस मोटारसायकलवरच जातो. मानधन मंडळीच्या वर्गणीवर आणि दशांशावर (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानावर) अवलंबून आहे, ते दर महिन्याला वेळेवर येतेच असे नाही. घर प्रत्यक्षात पाळकीणबाईंच्या खासगी शाळेतल्या पगारावर चालते आणि शाळा सुटल्यावर महिला मंडळ चालवणे हेही त्यांचेच काम समजले जाते.

ते दोघे माझ्याकडे आले त्याचे तात्कालिक कारण दृढीकरणाचे, म्हणजे स्वतःचा विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याच्या विधीचे होते. बिशप येणार होते, उमेदवारांची यादी पाठवायची होती आणि तयारीच्या वर्गाला पाळकांच्या स्वतःच्या मुलाने यायला नकार दिला होता. चर्चच्या कमिटीच्या सभेत एका सभासदाने बायबलमधील, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढला. ज्याला स्वतःच्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही, तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील, असा प्रश्न पौल तेथे विचारतो. पाळकसाहेब मला म्हणाले, "मॅडम, मी त्या वचनावर स्वतः उपदेश केलेला आहे. आता उत्तर काय देऊ?"

अशा वेळी मी धर्माच्या प्रश्नाला लगेच हात घालत नाही. मुलगा उपासनेला येत नाही, एवढ्यावरून त्याचा विश्वास गेला असे ठरत नाही. तसेच त्याला केवळ चर्चचाच कंटाळा आहे असेही ठरत नाही. म्हणून मी आधी त्याची झोप, भूक, अभ्यास, मित्र, खेळ यांविषयी विचारले. मूल सगळ्यांतूनच अंग काढून घेत असेल, आवडीचा खेळही सोडून देत असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तो प्रश्न उपासनेचा राहत नाही. तेथे मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते आणि १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून बोलता येते. या मुलाचे तसे नव्हते. तो अकरावीला होता, रोज संध्याकाळी मैदानावर जात होता, मित्रांत हसतखेळत होता. फक्त घरात आणि चर्चमध्ये तो मुका झाला होता.

त्याच्याशी मी एकांतात बोलले. तू सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय पप्पांना सांगितले जाणार नाही, मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला बोलावे लागेल, हे त्याला आधीच स्पष्ट केले. हे ऐकल्यावर त्याने विचारले, "म्हणजे ते रविवारी सांगणार नाहीत ना?" त्या एका प्रश्नात पुढचे बरेचसे आले होते. नववीच्या सहामाहीत तो गणितात नापास झाला होता आणि त्याने ते घरी लपवले होते. नंतर रात्री रडून त्याने ते वडिलांना सांगितले, वडिलांनी त्याला जवळ घेतले. त्यानंतरच्या रविवारी क्षमेवरच्या उपदेशात तो सगळा प्रसंग उदाहरण म्हणून आला. मंडळीला उपदेश फार आवडला, उपासना संपल्यावर आजीच्या वयाच्या स्त्रियांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवले आणि "आता अभ्यास कर हं" असे सांगितले. तिथपासून त्याने वडिलांना महत्त्वाचे असे काही सांगितलेच नाही.

बाकीच्या गोष्टी त्याने हळूहळू सांगितल्या. पाळकांच्या बदलीमुळे त्याच्या शाळा बदलत राहिल्या होत्या. पाळकगृहाचे पुढचे दार सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे असे. बाहेरची खोली हीच भेटायला येणाऱ्यांची बैठक आणि हीच त्याची अभ्यासाची जागा होती, आणि कोणाच्या घरातले भांडण वडील मिटवत असताना त्याला वही उचलून स्वयंपाकघरात जावे लागे. मंडळीतल्या इतर मुलांनी केस वाढवले तर ती फॅशन होती. त्याने वाढवले की "पाळकांचा मुलगा असून" हे शब्द ठरलेले होते. आणि मग, मी न विचारता, तो म्हणाला, "मी रात्री प्रार्थना करतो. पण ते घरी सांगू नका." मी सांगितले नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याने ते स्वतःच सांगितले, म्हणून येथे लिहिता येते.

वाचकांना यावरून वडील कठोर किंवा प्रसिद्धीचे लोभी वाटू नयेत, यासाठी त्यांची बाजूही नीट सांगितली पाहिजे. त्यांचे वडील शेतमजूर होते. मिशनच्या बोर्डिंगात राहून पाळकसाहेब शिकले, मंडळीने वर्गणी काढून त्यांना पुण्याच्या सेमिनरीत पाठवले. ज्या लोकांनी आपल्याला घडवले त्यांच्यासाठी दार बंद करणे त्यांना कृतघ्नपणा वाटत होता. मुलाच्या परवानगीने मी त्या रविवारच्या उपदेशाचा विषय काढला तेव्हा ते खरोखरच चकित झाले. "मंडळीतल्या कोणाचे उदाहरण दिले तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून मी आपल्याच घरचे देतो. घर तर आपलेच आहे," असे ते म्हणाले. माझ्या मते या कुटुंबाचे दुखणे नेमके येथे होते. त्यांनी घराला स्वतःचाच भाग मानले होते, आणि स्वतःला तर ते पूर्णपणे सेवेला देऊन बसले होते. त्यामुळे पत्नीचा वेळ, मुलाची लाज, घराची शांतता ही सगळी त्यांनी न विचारता दिलेल्या दानात जमा झाली होती. मुलाने पाठ फिरवली होती ती देवाकडे नव्हती. त्याला एक असा माणूस हवा होता ज्याला सांगितलेले त्याच्यापाशीच राहील, आणि तो माणूस त्याला घरात सापडत नव्हता.

त्यानंतरच्या भेटीत पाळकसाहेबांनी स्वतःहून बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाचा उल्लेख केला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की, तू करतोस हे बरे नाही, तू आणि लोकही थकून जाल, तेव्हा हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. कमिटी निवडताना हा भाग वाचला जातो आणि आपल्यालाही कामे वाटून द्यावी लागतील, असे ते म्हणत होते. तेव्हा इतका वेळ शांत असलेल्या पाळकीणबाईंनी पिशवीतले बायबल काढले आणि त्याच अध्यायाचा आरंभ वाचला. मोशेने आपली बायको सिप्पोरा हिला माहेरी पाठवले होते, आणि इथ्रो तिला व गेर्षोम आणि अलिएजर या दोघा मुलांना घेऊन रानात त्याच्या तळावर आला. "इथ्रोने आधी बायकापोरे आणून पोहोचवली, कामाचे मग सांगितले," असे त्या म्हणाल्या, "आणि कुटुंब आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोशे परत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला होता." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी घरच्यासाठी काही मागितल्याचे पाळकसाहेबांना आठवेना.

तीमथ्याच्या पत्रातल्या वचनाविषयीही आम्ही बोललो, कारण त्याची भीती घेऊन राहणे बरे नव्हते. मी ईश्वरविज्ञानाची अधिकारी नाही, परंतु समुपदेशक म्हणून एवढे म्हणता येते की, ते वचन वडिलांच्या सांभाळाबद्दल विचारते आणि वाढत्या मुलाच्या अंतःकरणाची हमी कोणताही वडील देऊ शकत नाही. शमुवेलाचे पुत्र त्याच्या मार्गाने चालले नाहीत असे शास्त्रच सांगते, तरी शमुवेल संदेष्टाच राहिला. घरच्या माणसाच्या विश्वासाला वेळ लागतो, याचे एक उदाहरण तर याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, तोही स्वतःचे मन तयार झाल्यावर. मराठी ख्रिस्ती मंडळीला त्या दोघांइतके देणारे फार थोडे आहेत, आणि मधली पाच वर्षे कोणी त्यांच्याविरुद्ध धरीत नाही.

प्रत्यक्ष बदल लहान होते आणि त्यांतले काही जड गेले. घरातली कोणतीही गोष्ट, चांगली असली तरी, त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय व्यासपीठावरून सांगायची नाही, हे पाळकसाहेबांनी मुलाला माझ्यासमोर कबूल केले आणि नववीच्या त्या प्रसंगाबद्दल त्याची क्षमा मागितली. क्षमेच्या बदल्यात त्याने आता वर्गाला यावे, असे त्यांनी सुचवू नये, हे आधी ठरवले होते, कारण अट घातली की क्षमा मागण्याचा अर्थच उरत नाही. यादीत त्याचे नाव घातले नाही. हे कमिटीला कसे सांगायचे याचा सराव आम्ही केला, आणि त्यांनी सभेत एवढेच सांगितले की दृढीकरण म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणे आहे, माझा मुलगा अजून तयार नाही, आणि याबद्दल कृपा करून कोणी त्याच्याशी बोलू नये. दोन सभासद नाराज झाले. तीन घरांतल्या आयांनी मात्र नंतर पाळकीणबाईंना गाठून आपल्या मुलांबद्दल तीच काळजी सांगितली, जी त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

सोमवारचा दिवस घरासाठी राखायचा असे ठरले. पहिल्या काही आठवड्यांत तो राखला गेला नाही, कारण दफनविधी सोमवारी येणार नाही असे कोण सांगणार? मग नियम असा केला की निधन किंवा गंभीर आजार असेल तरच सोमवारी जायचे आणि गेलेला वेळ त्याच आठवड्यात भरून काढायचा. संध्याकाळचा फोन कमिटीचे सचिव घेऊ लागले, आणि त्यांच्या लक्षात आले की बहुतेक फोन मंगळवारपर्यंत थांबू शकतात. मागच्या खोलीतले महिला मंडळाचे सामान चर्चच्या कपाटात हलवून तेथे मुलाचे टेबल मांडले आणि त्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवली. कडी बसवायला पाळकसाहेबांचे मन लवकर तयार झाले नाही, हे नमूद करते, कारण अनेक वडिलांचे तेथेच अडते. बंद दाराआड मूल काहीतरी वाईटच करील असे त्यांना वाटत असते. मी त्यांना विचारले की, खोलीत जाऊन दार लावून घेऊन प्रार्थना करावी असे प्रभूने सांगितले आहे, मग तुमच्या घरात लावण्याजोगे दार कोणते आहे?

असाच प्रश्न असलेल्या इतर आईवडिलांना मी सहसा हे सुचवते की, "चर्चला का येत नाहीस?" हा प्रश्न काही महिने विचारूच नये. त्याऐवजी मुलाने विश्वासाने सांगितलेली शेवटची गोष्ट कोणती होती आणि तिचे पुढे आपण काय केले, हे दोघांनी एकमेकांना विचारावे. ती नातेवाइकांत पोहोचली का, प्रार्थनेच्या विनंतीत गेली का, भांडणात परत फेकली गेली का? प्रार्थनेची विनंती हा आपल्याकडे दुसऱ्याची गोष्ट चारचौघांत नेण्याचा सर्वांत सोज्वळ मार्ग झाला आहे, आणि मुलांना तो फार लागतो. उपासनेत मूल आले तर त्याला कोठे बसायचे ते बसू द्यावे, आले म्हणून त्याचे कौतुकही करू नये. घरची संध्याकाळची प्रार्थना मात्र बंद करू नये. ती थोडक्यात करावी, त्याला आग्रह करू नये आणि त्याच्याविषयी त्याच्यादेखत देवाला उद्देशून उपदेश करू नये.

या मुलाने कापणीच्या सणाला ध्वनिक्षेपकाचे काम पाहिले. कधी कधी तो रविवारी मागच्या बाकावर मित्रांबरोबर बसतो, कधी येत नाही. पुढच्या वर्षीच्या यादीविषयी विचारल्यावर तो "बघू" म्हणाला आणि वडिलांनी तेवढ्यावर थांबायचे ठरवले. दरम्यान पुन्हा बदलीची चर्चा सुरू झाली. पाळकसाहेबांनी आजवर बदलीविषयी कधीही काही मागितले नव्हते. या वेळी त्यांनी मुलाची बारावीची परीक्षा होईपर्यंत आपल्याला येथेच ठेवावे असा अर्ज लिहिला, आणि पाठवण्यापूर्वी तो पत्नीला व मुलाला वाचायला दिला. मुलाने त्यातले आपल्या गणिताच्या गुणांविषयीचे एक वाक्य काढायला सांगितले. ते काढून मग अर्ज पाठवला.