चवथीला मेस बंद होती

परदेशी विद्यार्थ्यांसाठी नव्याने प्रवेश खुले केलेल्या एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी मला विचारले होते, "माहितीपत्रक झाले, स्वागत समारंभ झाला, विमानतळावर गाडीसुद्धा पाठवतो, तरी आलेली मुले तीन-चार महिन्यांत मिटून का जातात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या देशातून कोणी का येत नाही?" मी विद्यार्थ्यांची समुपदेशक आहे आणि हीच काळजी गोव्यातील इतर शिक्षकांकडूनही ऐकत असल्यामुळे एका विद्यार्थ्याचा अनुभव येथे मांडते. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो पोर्तुगीज बोलल्या जाणाऱ्या मोझांबिकहून पदव्युत्तर शिक्षणासाठी आला होता आणि भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर शिकत होता. वर्गात हजेरी कमी भरू लागली म्हणून चवथीनंतरच्या (म्हणजे गोव्यातील गणेश चतुर्थीनंतरच्या) आठवड्यात शिक्षकांनी त्याला माझ्याकडे पाठवले. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, की येथे बोललेले शिष्यवृत्ती देणाऱ्यांना किंवा व्हिसाच्या कार्यालयाला कळवले जाते का. ही भीती मला नवी नाही. परदेशी विद्यार्थी समुपदेशकाकडे उशिरा येतात त्याचे कारण संकोच असावा असे आपण धरून चालतो, पण पुष्कळदा ते समुपदेशकाची खोली संस्थेचीच एक कचेरी समजत असतात. मानसिक आरोग्याविषयीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे, त्याच्या लेखी संमतीशिवाय मी कोणाला काही सांगणार नाही, आणि त्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, हे मी त्याला सोप्या इंग्रजीत लिहून दिले. कागद दोनदा वाचल्यावर तो खुर्चीत नीट बसला.

येथे माझी चूक झाली, ती सांगायला हवी. त्याची झोप मोडली होती, जेवण कमी झाले होते, तेव्हा ही घरची ओढ असावी असे मानून मी त्याला आईशी रोज बोलण्याचा सल्ला दिला. तो गप्प राहिला. दुसऱ्या भेटीत उलगडा झाला. चवथीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले, मेस बंद झाली, कोपऱ्यावरचा भाजी-पावाचा गाडाही बंद राहिला, आणि तीन दिवस त्याने पाव आणि केळी खाऊन काढले. घरोघरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, रस्त्यावर फटाक्यांचा आवाज, आणि खोलीत तो एकटा. ज्या आईने त्याला एवढ्या अभिमानाने पाठवले तिला फोनवर "मी उपाशी आहे" हे तो कसे सांगणार होता? चौकशी केली तेव्हा प्रत्येक शिक्षकाचे म्हणणे एकच होते, की कोणीतरी त्याला घरी जेवायला बोलावलेच असेल असे वाटले. ते सर्व जण मनापासून बोलत होते. चवथीला दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ न देणाऱ्या या प्रांतात त्याला दारापर्यंत आणणे मात्र कोणाच्याच कामात मोडत नव्हते.

परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. या महाविद्यालयात ते होते, म्हणजे पाटी होती. काम परीक्षा विभागातील एक लिपिक जमेल तसे पाहत असत. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याची 14 दिवसांत करावयाची नोंदणी त्यांनी चोख केली होती. त्यापुढचे कोणी सांगितलेच नव्हते.

आम्ही केले ते फार मोठे नव्हते. सुट्ट्यांच्या यादीसमोर त्या दिवसांत जेवण कोठे मिळेल हे लिहिले गेले आणि त्याची जबाबदारी एका शिक्षिकेने नावानिशी घेतली. नोव्हेंबरात वेगळाच पेच आला, कारण वसतिगृह सोडून त्याला भाड्याची खोली हवी होती आणि पर्यटकांचा हंगाम सुरू झाल्यावर किनाऱ्याजवळचे भाडे विद्यार्थ्याच्या हाताबाहेर जाते. शेवटी ताळगावात एका वृद्ध जोडप्याकडे खोली मिळाली. परदेशी पाहुण्यासाठी भरायचा सी फॉर्म त्यांना पर्यटकांमुळे पाठ होता, आणि आजोबांचे शालेय शिक्षण 1961 च्या आधी पोर्तुगीजमधून झालेले असल्याने संध्याकाळी दोघांच्या गप्पा माझ्यापेक्षा कितीतरी सहज चालत. (या भाषेचा धागा आपल्या हाती असून तो माहितीपत्रकात कोठेही नव्हता, याचे मला आजही नवल वाटते.)

डिसेंबरात तो बरा दिसू लागला, तरी मी त्याला फेब्रुवारीची वेळ देऊन ठेवली. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिस्गार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहिलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांविषयी लिहिताना नोंदवले होते, की सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचे मन सर्वांत कमी रुळलेले होते. पुढच्या संशोधनात हा निष्कर्ष सगळ्यांना लागू पडला नाही, तरी मला त्याचा उपयोग एवढाच की स्वागताचा सगळा उत्साह पहिल्या आठवड्यात खर्च करू नये. फेब्रुवारीत तो खरोखरच खचला होता, पण या वेळी कोणी न पाठवता आला.

प्राचार्यांनी नवे माहितीपत्रक करायला घेतले तेव्हा मी त्यांना त्यालाच विचारायला सांगितले. त्याने पोर्तुगीजमध्ये एक पान लिहिले आणि ते त्याच्या गावच्या दोन मुलांना पाठवले. पुढच्या जुलैत ती दोघे आली. त्या पानाची पहिली ओळ होती, "चवथीच्या आधी तांदूळ आणि अंडी घेऊन ठेवा", आणि दुसरी, "समुपदेशकाकडे गेल्याने शिष्यवृत्ती जात नाही, मी विचारले आहे".